खंडेनवमीला धुतलेली बासरी

आमच्या गावात खंडेनवमीला घरातलं प्रत्येक अवजार धुऊन निघतं. विळे, कोयते, पांभर, फवारणीचा पंप, मोटारीचे पाने, शिलाई मशीन आणि ज्याच्याकडे असेल त्याचा ट्रॅक्टर. धुवायचं, पुसायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूचं फूल ठेवायचं आणि हात जोडायचे. ज्याच्या जिवावर आपलं चालतं त्याला वर्षातून एकदा अंघोळ घालावी, ही रीत चांगलीच आहे. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार एवढीच, की त्या अंघोळीत माझ्या भावानं बासरीही धुतली, आणि एकदा धुऊन थांबला नाही, दर वर्षी धुतली.

माझी बासरी, असं लिहायला हात शिवशिवतो. पण ती माझी कधीच नव्हती. ती कुणाची, याचा निकाल माझ्या लग्नाच्या वेळीच लागला होता. त्या निकालाचा राग अजून माझ्या पोटात आहे आणि वय झालं म्हणून तो निवेल असं मला वाटत नाही.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. अमळनेरपासून एसटीनं थोड्या अंतरावर आमचं गाव. आबा शेती करायचे आणि गावच्या भजनी मंडळात बासरी वाजवायचे. माणूस तापट. बैलावर ओरडत तसेच आईवर ओरडत. पण बासरी ओठाला लावली की खांदे खाली यायचे आणि कपाळावरची आठी जायची. लहानपणी मला वाटे, हे खरे आबा आणि ते ओरडणारे खोटे. पुढे कळलं की दोन्ही खरेच होते.

बासरी ते स्वतः करायचे. त्यात अडचण बांबूची. सातपुड्याकडून आमच्याकडे येतो तो बांबू भरीव. काठीला, शिडीला, मांडवाला, गोठ्याला त्याच्यासारखा नाही. बासरीला मात्र तो कुचकामी. त्याची पेरं आखूड, एका गाठीपासून दुसऱ्या गाठीपर्यंत धड वीतभर जागा नाही, आणि आत पोकळी असलीच तर करंगळी जाईल एवढी. भिंत जाड. जाड भिंतीच्या बांबूत फुंक मारली की फुंकेचा निम्मा जोर छिद्राच्या काठावरच मरतो. सूर निघतो, पण उशिरा निघतो आणि गळा बसल्यासारखा निघतो. आबा असल्या बासऱ्या करून करून वैतागले होते. यात्रेत मिळणाऱ्या रंगीत बासऱ्यांना तर ते शिट्ट्या म्हणायचे.

मी अमळनेरला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. गोठ्यासाठी बांबू घ्यायला आबा धुळ्याला निघाले. भावाला चल म्हणाले तर त्याला मोटारसायकलवरून कुठंतरी जायचं होतं. म्हणून मी गेले. आग्रा रोडवरच्या एका वखारीत आबा गोठ्याचे बांबू निवडत होते आणि मी कंटाळून इकडेतिकडे बघत होते. कोपऱ्यात दुसऱ्याच मालाच्या गठ्ठ्याला आधार म्हणून काही लांबच लांब, हलक्या पिवळ्या काठ्या बांधलेल्या दिसल्या. मी एक उचलली तर हाताला वजनच लागेना. पेर माझ्या हाताएवढं लांब, आणि कापलेल्या टोकाची भिंत भाकरीच्या पापुद्र्याएवढी पातळ. वखारवाला म्हणाला, आसामकडचा आहे, ट्रकवाल्यानं गठ्ठा बांधायला वापरला, आमच्या काही कामाचा नाही.

आबांना हाक मारली. ते आले, बघितलं, आणि गोठा विसरले.

त्या काठ्यांतलं कुठलं पेर घ्यायचं हे मी ठरवलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर हे सगळ्यांनी सोयीस्कर गिळलं. बांबू कोवळा की पिकलेला हे रंगावरून कळत नाही, आवाजावरून कळतं. पेर दोन बोटांत सैल धरायचं आणि नखानं टिचकी मारायची. कोवळ्याच्या अंगात पाणी आणि साखर असते, त्याचा आवाज ओला, थप् करून बसणारा. पिकलेला बांबू खणखणतो आणि खणखणून लगेच थांबत नाही. आबांना तेव्हाच एका कानानं कमी ऐकू येत होतं. त्यांनी एकेक पेर माझ्यापुढे धरलं आणि मी नाही, नाही म्हणत गेले. एकावर थांबले.

"कान लाव बरं परत," आबा म्हणाले. मी पुन्हा टिचकी मारली. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पिकेल शे. कान तुना चांगला शे पोरी."

त्या एका वाक्यावर मी बरीच वर्षं काढली.

पेर घरी आणलं म्हणजे बासरी झाली असं नसतं. बांबू सावलीत वाळवावा लागतो. वाळताना तो आकसतो, आणि आकसायच्या आधी छिद्रं पाडली तर आज लागलेला सूर चार महिन्यांनी लागत नाही. आबांनी सोबतच्या दुसऱ्या एका पेरावर घाई केली आणि ती बासरी पोळ्यापर्यंत बेसूर झाली. त्याचा राग त्यांनी माझ्यावर काढला, का ते विचारायची सोय नव्हती. माझ्या पेराला मात्र मी त्यांना लवकर हात लावू दिला नाही. स्वयंपाकघरात आढ्याला टांगून ठेवलं, चुलीचा धूर लागेल पण आच लागणार नाही इतक्या उंचीवर. धुरानं बांबूला भुंगा लागत नाही. आई म्हणायची, पोरगी लोणच्याला जपत नाही तेवढी या काठीला जपते.

मग एका हिवाळ्यात आबांनी सळई लाल करून छिद्रं पाडली. आधी तोंडाचं, मग फुंकून मूळ सूर बघायचा, मग टोक घासत घासत तो सूर हवा तिथं आणायचा, मग बोटांची छिद्रं, आधी लहान आणि मग ऐकत ऐकत मोठी. बांबू जळल्याचा गोडसर वास घरभर झाला होता. एका टोकाची गाठ तशीच ठेवली, तेच तिचं बूच. मधे आणि टोकांना मी मेण लावलेला रेशमी दोरा घट्ट गुंडाळला. बांबूचं सगळं बळ उभ्या धाग्यांत असतं, आडवं धरून ठेवणारं त्याच्यात काही नाही. म्हणून तो वाकतो पण मोडत नाही, आणि म्हणूनच उभा चिरतो. दोरा हे त्याचं आडवं बळ.

पहिला सूर आबांनी काढला. पातळ भिंतीमुळे फुंक लागता क्षणी तो उभा राहिला. जाड बांबूत असतो तो मधला घसा खाकरण्याचा वेळच नाही. खालचा सा तर असा आला की ओसरीवर बसलेल्या आईनं निवडायचं सूप खाली ठेवलं. आबांनी बासरी खाली केली आणि माझ्या हातात दिली. बासरी मी आबांकडे बघून बघून आधीच शिकले होते, भावाला कधी दम पुरला नाही आणि गोडीही नव्हती. पण या बासरीवर मी वाजवलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की याआधी मी बांबूशी भांडत होते.

पुढची दोन-तीन वर्षं माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं. आबांचे पुढचे दात पडायला लागले होते. दात गेले की ओठाला आधार राहत नाही आणि फुंक पसरते. हळूहळू बासरी मीच वाजवायला लागले. आतून तिळाच्या तेलाचा बोळा फिरवायचा, बाहेरून तेलाचं बोट, हे कामही माझं. आमच्या खान्देशातला उन्हाळा ज्यानं भोगला नाही त्याला हे तेल काय असतं ते सांगून कळणार नाही. वैशाखात दाराच्या फळ्यासुद्धा आकसून त्यांतून उजेड दिसायला लागतो, तिथं भाकरीच्या पापुद्र्याएवढ्या भिंतीचं काय. तेल आणि रोजची फुंक, तिच्यातली ओल, यावर बासरी उन्हाळा काढते. न वाजवलेली बासरी नुसती गप्प होत नाही, ती वाळत जाते.

एका सप्ताहात आबांनी मला देवळात बसवून वाजवायला लावलं. बायकांच्या बाजूला, खांबाच्या आड. दोन अभंग वाजवले. नंतर लोक आबांच्या पाया पडत होते, काय तयार केलं पोरीला म्हणत होते. आबांनी पाया पडून घेतलं. मी खांबाआडून सतरंजी गुंडाळली.

मग माझं लग्न ठरलं. धुळ्याचे, सरकारी कचेरीत नोकरी, निर्व्यसनी. माझी नवऱ्याबद्दल काही तक्रार नाही, तो या गोष्टीत फारसा येतही नाही. सामान बांधायची वेळ आली. भांडी, गाद्या, कपाट, शिलाई मशीन. मी बासरी माझ्या साड्यांच्या घडीत ठेवली. आबांनी ती काढून घेतली. रागावून नाही. शांतपणे काढली आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगली.

"बासरी घरनी शे," ते म्हणाले, "घरमाच ऱ्हाई."

मी विचारलं, घरात वाजवणार कोण? ते म्हणाले, वाजवेल कुणीतरी, घरात पोरं होतील. भाऊ तिथंच उभा होता. त्याला बासरी नको होती, पण ती आपली आहे हे ऐकायला त्याला आवडलं. ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. माझी समजूत काढायला आबांनी मला दुसरी एक बासरी दिली. आपल्याकडच्या भरीव बांबूची, जाड भिंतीची. दणकट आहे, सासरी टिकेल, म्हणाले. मला टिकाऊ वस्तू दिली आणि गाणारी घरात ठेवली. शिलाई मशीनही टिकाऊच होतं.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात. लेक स्वतःहून येत नाही. माहेरचा माणूस, बहुतेक भाऊ, तिला घ्यायला जातो, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला तर लेकीचं माहेर आहे, नाही आला तर नाही, इतकं ते साधं. पहिली काही वर्षं भाऊ यायचा. मी माहेरी पोचायची, चहा घ्यायची आणि आधी खिळ्यावरची बासरी काढायची. बाकीच्या लेकी झोके खेळायच्या, गौराईची गाणी म्हणायच्या, आणि मी ओसरीवर तेलाची वाटी घेऊन बसायची. वर्षभर वाळलेला बांबू तेल पीत राहायचा. आधी वरचे सूर यायचे, खालचा सा तेवढा रुसायचा. रोज थोडं थोडं वाजवत गेले की जायच्या आदल्या दिवशी तोही यायचा. आबा खाटेवर डोळे मिटून ऐकायचे. चांगलं वाजलं की हुं म्हणायचे. मला वाटायचं, हेही चालेल. वर्षातून एकदा का होईना, ती माझ्याच हातानं जगते आहे.

आई गेली आणि हे मोडलं.

तेराव्याला सगळे नातलग जमले होते. जेवणं झाल्यावर मी आबांना म्हटलं की आईच्या वस्तूंतलं मला काही नको, मला फक्त बासरी द्या, इथं ती मरेल. मी हे चारचौघांत बोलले, कारण एकट्यात बोलले असते तर आबांनी पुन्हा खिळा दाखवला असता. आबा काही बोलायच्या आत भाऊ बोलला, माझ्याशी नाही, काकांशी. "आज बासरी मांगी ऱ्हायनी, उद्या वावर मांगी."

वावर माझ्या स्वप्नातसुद्धा नव्हतं. पण त्या वेळी गावात ते वारं होतं. लेकींनाही जमिनीत वाटा मिळतो असं कुठंकुठं ऐकू यायला लागलं होतं, आणि ज्याच्या बहिणीनं तोंड उघडून पितळेचा तांब्याही मागितला त्या भावाची झोप उडत होती. कुणालाच खरं वाटलं नसतं की एखादी बाई बांबूची नळी मागते म्हणजे तिला बांबूची नळीच हवी आहे. काकांनी मान हलवली. मी आबांकडे बघितलं. वखारीत माझा कान चांगला आहे असं ज्यांनी सांगितलं होतं ते आबा, त्यांनी फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ते उठून बैलांना पाणी दाखवायला गेले.

पुढच्या आखाजीला मुराळी आला नाही. त्याच्या पुढच्याही. धुळ्यातल्या आमच्या गल्लीत इतर बायकांचे भाऊ यायचे, त्यांच्या पिशव्या भरल्या जायच्या, आणि मी गच्चीवर पापड वाळत घालायची. बिनबोलावता जाणं मला जमलं नाही. कुणी याला अहंकार म्हणेल तर खुशाल म्हणो. आबांनी एकदा तरी भावाला म्हणायला हवं होतं की जा, तिला घेऊन ये. आखाजी काही चोरून येत नाही.

जाड बासरी मी अधूनमधून काढायची. आमच्या शेजारी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे एक सर राहायचे. त्यांनी एकदा ऐकलं आणि माझी तक्रार समजून घेतल्यावर म्हणाले, वहिनी, सूर बांबूचा नसतो, आतल्या हवेचा असतो. लांबी आणि पोकळी तीच ठेवली तर प्लास्टिकच्या नळीतूनही तोच सूर येईल. मला आधी त्यांचा राग आला. मग मी म्हटलं, सूर तोच येईल, पण तो उठतो कसा ते बघा ना. त्यावर ते विचार करून म्हणाले की छिद्राच्या काठाची जाडी आणि आतल्या भिंतीचा गुळगुळीतपणा यांचा फरक पडत असेल, तेवढं तुमचं बरोबर. त्यांनीच मला सांगितलं की नळीला बारीक भेग गेली तर सगळ्यात आधी खालचे सूर जातात, कारण तिथं सगळी छिद्रं बंद करून हवा आत अखंड धरावी लागते. वरचे सूर थोडे दिवस फसवतात. मी म्हटलं, हे मला माहीत आहे. पण मला खरंच माहीत नव्हतं, मी भेग गेलेली बासरी तोवर कधी हातात धरली नव्हती.

नव्वदीच्या दशकात आबा आजारी पडले आणि त्यांना धुळ्याच्या दवाखान्यात आणलं. डबा माझ्या घरून जायचा. भाऊ शेतीचं निमित्त सांगून दिवसाआड यायचा. एका दुपारी आबा जरा सावध होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "बासरीले तेल लायं का?"

मला काय वाटलं ते सांगते. त्या माणसाचे पाय मी सकाळी चेपले होते, आणि त्या क्षणी मला त्याच्या हातातला भाताचा चमचा काढून घ्यावासा वाटला. मी म्हटलं, "मुराळीच नही ऊना आबा, ते तेल कशी लावू मी?"

आबांनी तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर ते माझ्याशी बोलले, पाणी दे, उशी सरकव असं बोलले. तो विषय मात्र त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. काही दिवसांनी ते गेले.

आबा गेल्यावर भावाला अचानक मुराळी व्हायची आठवण झाली. तो स्वतः मला न्यायला आला, माझ्या मुलांसाठी खाऊ घेऊन. अमळनेरला तहसीलमध्ये जायचं होतं, हक्कसोड करायला. त्यानं दाखवलं तिथं मी सही केली. मला वावर नको होतं हे मी आईच्या तेराव्यालाच सांगितलं असतं, कुणी विचारलं असतं तर. सही झाल्यावर भावाचा आवाज बदलला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला उसाचा रस पाजला.

लगेचच आबांचं वर्षश्राद्ध आलं. भावानं तोवर जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं होतं. पुढच्या खोलीत आबांचा मोठा फोटो, त्याला चंदनाचा हार आणि फोटोखाली दोन खिळ्यांवर आडवी ठेवलेली बासरी. लांबूनच ती चकाकताना दिसली. तिला पॉलिश मारलं होतं, दारांना मारतात तसलं, गडद तांबडं. मी वहिनीकडे बघितलं. ती कौतुकानं म्हणाली, आबांची बासरी म्हणून हे किती जपतात, आबा थकले तेव्हापासून दर खंडेनवमीला नळाखाली स्वच्छ धुतात, गच्चीवर कडक उन्हात वाळवतात आणि पूजा करतात. रंग उडाला म्हणून दारांच्या पॉलिशवाल्याकडून एक हात मारून घेतला.

दसऱ्याच्या सुमाराचं आमच्याकडचं ऊन मला माहीत होतं. वर्षभर तेलाचा थेंब न मिळालेला बांबू ते पाणी घटाघटा पिऊन फुगत असणार, आणि दुपारपर्यंत गच्चीवर तडतडत आकसत असणार. दर वर्षी. शिवाय तो ट्रॅक्टरच्या शेजारी ठेवलेला, हळदकुंकू लावलेला. वहिनीला तेलाचं कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणारी बाई आखाजीला बोलावलीच नव्हती.

भजनी मंडळ आलं. भावानं व्हिडिओ शूटिंगवाला बोलावला होता, आमच्या गावात तेव्हा त्याची नवलाई होती. दोन भजनं झाल्यावर भावाला वाटलं, आबांच्या बासरीवर लेकीनं वाजवलेलं कॅसेटमध्ये पाहिजे. त्यानं स्वतः फोटोखालची बासरी काढली, उपरण्यानं पुसली आणि सगळ्यांदेखत माझ्या हातात दिली. शूटिंगवाल्यानं दिवा माझ्या तोंडावर धरला. या वेळी खांबाआड नाही, मधोमध.

हातात घेतली तेव्हाच कळलं. टिचकीसुद्धा मारावी लागली नाही. तरी मी ओठाला लावली, कारण मला वाटलं, वरचे सूर तरी फसवतील. सगळी छिद्रं बंद केली आणि फुंकले. नुसता वारा आला. पुन्हा फुंकले. वर कुठंतरी एक चिरका आवाज निघाला आणि तुटला. खालचा सा नव्हताच. आई सूप खाली ठेवून जो ऐकत होती तो सा.

"जोरमा फुक ना," भाऊ म्हणाला.

मंडळातले एक म्हातारे, सप्ताहात मला वाजवताना ऐकलेले, बाजूच्या माणसाला म्हणाले, "सवय मोडनी तिनी. सासरले जाईसन कोन वाजाडस?" ते वाईट मनानं म्हणाले नव्हते. लोकांनी माना डोलावल्या. शूटिंगवाल्यानं दिवा पेटीवाल्याकडे फिरवला आणि पुढचं भजन सुरू झालं.

मी बासरी उलटी केली. बोटं जिथं टेकतात त्याच्या बरोबर खालच्या अंगाला, माझा दोरा जिथं कुजून गळाला होता तिथून, गाठीपर्यंत उभी भेग गेली होती. पॉलिश त्या भेगेत उतरून आत सुकलं होतं. म्हणजे पॉलिश मारलं तेव्हा ती आधीच गेली होती, आणि ती भेग बघत बघत कुणीतरी तिच्यावरून ब्रश फिरवला होता.

जेवणं झाल्यावर मी ती भेग भावाला दाखवली. मला भांडायचं नव्हतं. त्याला ती दिसावी, एवढंच. त्यानं उजेडात धरून बघितली, बोटानं खरवडली आणि परत माझ्या हातात दिली. अगदी मोकळ्या मनानं.

"लई जाय आते तू," तो म्हणाला. "आमले काय कामनी शे?"

त्याला खरंच वाटत होतं की तो मला काही देतो आहे. माझी सही तहसीलमध्ये होती, वावर त्याच्या नावावर होतं, बासरी वाजत नव्हती. आता द्यायला काय हरकत. ज्या बासरीसाठी माझं माहेर बंद झालं ती मला मिळाली होती, आणि तिच्यात आता फक्त लाकूड उरलं होतं. भेगेत लाख भरून, दोरा आवळून मी तिला वरचे दोन-चार सूर परत देऊ शकले असते. घरी नेऊन वर्षभर खपले असते तर कदाचित आणखी थोडं. ते मला त्या क्षणी सुचलंही. आणि मग आबांचा फोटो दिसला, हार घातलेला, समाधानी.

"माले नको," मी म्हटलं. "घरनी शे ना. घरमाच ऱ्हाऊ दे."

भावाला ते वाक्य आठवलं की नाही, माहीत नाही. तो बरं म्हणाला आणि मंडपवाल्याशी बोलायला गेला. मी स्टुलावर चढले आणि बासरी फोटोखालच्या खिळ्यांवर परत ठेवली. ठेवताना फिरवून ठेवली, भेग खोलीकडे. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी.

पुढे भाच्याच्या लग्नाला गेले तेव्हा बासरी तिथंच होती. तिला नवीन पॉलिश मारलं होतं, आणि भेग कुणीतरी भिंतीकडे केली होती.